धारवाल्याच्या बायकोची पात

गणतीवाली मुलगी राजधानीहून आली तेव्हा धारवाला चाकापुढे नुसता बसला होता. चाक फिरत नव्हतं. पुढ्यात शेजारच्या न्हाव्याची कातरी होती आणि तिला सकाळपासून तीनदा धार लावून झाली होती. न्हावी म्हणाला होता, "आता बस कर. चौथ्यांदा लावलीस तर गिऱ्हाइकाचा कान मला न विचारता उतरेल."

मुलीनं पत्र्याच्या शेडमध्ये स्टूल ओढलं, मांडीवर कागद ठेवले आणि एकेक प्रश्न विचारत गेली. माणसं राज्य सोडून चालली होती, ती का चालली हे सरकारला जाणून घ्यायचं होतं. वय काय, शिक्षण किती, घरात माणसं किती. घरात दोन. मुलगी लग्न होऊन शेजारच्या मोठ्या राज्यात गेलेली. चौदाव्या प्रश्नाला तिनं पेन सरळ धरलं.

"गावात राहणं कसं वाटतं? कंटाळवाणं, ठीक, की मजेचं? एकावर खूण करायची."

"कंटाळवाणंच्या वरती काही नाही का?"

"नाही काका."

"मग त्यावरच दोनदा करा."

"एकदाच करता येते."

धारवाल्यानं मग तिला तपशील पुरवला. सिनेमाचं थेटर होतं, त्यात आता खताची पोती आहेत. बाग आहे, बागेत बाक एक, आणि त्यावर कायम तोच एक म्हातारा. रेडिओवर अख्ख्या राज्याचं हवामान एका वाक्यात संपतं, शेजारच्यांचं दहा मिनिटं चालतं. नकाशात आपल्या राज्याचं नाव आपल्या अंगावर मावत नाही, शेजारच्याच्या पोटात लिहून बाण काढावा लागतो. "मागं एकदा मंत्री ह्या न्हाव्याकडे दाढी करून गेले, कुणी ओळखलंसुद्धा नाही."

"मी ओळखलं होतं," न्हावी पलीकडून म्हणाला. "म्हणून तर बोथट वस्तरा काढला."

मुलगी हसली आणि कंटाळवाणंवर एक खूण करून निघाली. नियम असा होता की नवरा-बायकोला वेगवेगळं विचारायचं. बायको गवताला गेली होती. संध्याकाळी तुमच्या घरी जाते, मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलगी बसची वाट बघत शेडसमोर उभी राहिली. बस यायला वेळ होता आणि मुलगी बोलकी होती.

"काका, तुमच्या घरातले दोन कागद एका घरातले वाटतच नाहीत."

"का?"

"काकूंनी मजेचंवर खूण केली. आणि शेवटी असतं ना, अधिक काही सांगायचं असल्यास? तिथं कुणी काही सांगत नाही. काकू म्हणाल्या, लिही, हसून हसून पोट दुखतं."

पलीकडे न्हाव्याची कातरी थांबली. खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं आरशातून मागं बघितलं. बस आली, मुलगी चढली, धूळ उडाली, धूळ खाली बसली.

"कुणाबरोबर हसते रे ती?" न्हाव्यानं विचारलं.

धारवाल्यानं पायानं चाक फिरवलं. त्यावर धरायला काही नव्हतं.

"तुझ्याबरोबर तर नसणार," न्हावी म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाईट असं काही नव्हतं. हिशेब बरोबर होता, एवढंच.

*

धारवाल्याला मत्सर नवा नव्हता. आतापर्यंत तो बायकोच्या भावाच्या वाट्याला येत होता. मेहुणा अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या राज्यातल्या मोठ्या शहरात गेला. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात तो आता स्वयंपाकघराचं सामान बघायचा, आणि फोनवर बोलताना त्याच्या मागं नेहमी काहीतरी घडत असायचं. हॉर्न वाजत असायचे, कुणीतरी कुणालातरी ओरडत असायचं. धारवाला फोन कानाला घट्ट लावून तेच ऐकायचा. मेहुणा काय म्हणतोय ते नंतर पुन्हा विचारायला लागायचं.

ह्या वर्षी मेहुण्यानं त्याच्यासाठी जागा काढली होती. हॉटेलच्या तळघरात बसून सुऱ्यांना धार लावायची, दिवसाला शंभर सुऱ्या. राहायला खोली मिळणार. "दाजी, सोमवारी दुपारपर्यंत सांगा. पुढं मी थांबवू शकणार नाही."

इथं थांबण्यासारखं काही उरलंही नव्हतं. गवत कापायचं मशीन आल्यापासून सपाटीवरचं सगळं कुरण मशीननं घेतलं. पूर्वी हंगामात धारवाल्याकडे दीडशे विळे यायचे. आता डोंगराच्या उतारावर मशीन चढत नव्हतं म्हणून तेवढ्यापुरती अकरा बायकांची एक टोळी राहिली होती. अकरा विळे यायचे, संध्याकाळी. त्यातला एक बायकोचा.

जागेचं कळल्यापासून बायको एकच शब्द बोलत होती. "बघू."

तिचा तो शब्द त्यानं इतके दिवस होकारात धरला होता. आता त्यानं तो बाहेर काढून पुन्हा तपासला.

जेवताना त्यानं विचारलं, "मजा कसली असते गं तुला इथं?"

"कोण म्हणालं?"

"सरकार."

तिनं ताटातून नजर वर केली आणि पुन्हा खाली घातली. "असते आपली."

"थेटर बंद. बाग तसली. माणसं तीच, त्यांचं बोलणं तेच. मला वीस वर्षांत एकदा पोट दुखेपर्यंत हसल्याचं आठवत नाही."

"तुम्हाला नसेल," ती म्हणाली. आणि मग ती हसली. मोठ्यानं नव्हे, ओठांच्या कडेनं. खोलीत तिसरं कुणी असतं तर हे हसू त्याच्यासाठी आहे असं वाटलं असतं. तिसरं कुणी नव्हतं, हीच पंचाईत होती.

*

धार लावणाऱ्या माणसापासून फारसं काही लपत नाही. विळा बघून तो सांगू शकतो की बाई उजवी की डावखुरी, घाईची की निवांत, गवतातला दगड बघते की थेट वार करते. टोळीचे अकरा विळे तो मुठीवरून ओळखायचा. मुकादमिणीची मूठ काळी, तेल प्यायलेली. उंच बाईची मूठ तारेनं बांधलेली. दोघी बहिणींच्या मुठी सारख्याच, पण धाकटीच्या पात्याला रोज नवी खाच.

पुढच्या संध्याकाळी त्यानं बायकोचा विळा हातात घेतला आणि अंगठ्याच्या नखावर टेकवला. विळा नखावर घसरला नाही, रुतला. म्हणजे धार शाबूत होती. बाकीचे दहा विळे असे की त्यांच्यावर बसून घसरगुंडी खेळावी.

मग त्यानं तिचे हात आठवले. गवत कापणाऱ्या बायकांच्या डाव्या हाताच्या करंगळीला चिरा असतात, तळव्याला घट्टे. बायको जेवण वाढताना त्यानं नीट बघितलं. एकही ताजी चीर नाही. मागच्या हंगामातली एक होती, तीही पांढरी पडलेली.

धार लावली की पात्याच्या कडेला लोखंडाची बारीक लव उठते. ओल्या दगडावर अलगद फिरवून ती काढायची असते. नाही काढली तरी चालतं, पहिल्या दोन मुठी गवतातच ती झडून जाते. धारवाल्यानं बायकोच्या विळ्याची लव मुद्दाम तशीच ठेवली. बावीस वर्षांच्या धंद्यात त्यानं अर्धवट केलेलं हे पहिलं काम.

त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी विळा परत आला. लव होती. टोकापासून मुठीपर्यंत, जशी ठेवली तशी. ह्या विळ्यानं दिवसभरात गवताची काडीसुद्धा कापली नव्हती.

"आज काम कसं झालं?" त्यानं मुकादमिणीला विचारलं. ती विळे पोचवायला आली होती. साठीची बाई, बोलण्यात काटकसर.

"झालं."

"कुणी मागं वगैरे पडतं का?"

"माझ्या टोळीत? सगळ्यांच्या तीस-तीस पेंढ्या."

"आमच्या घरातल्या बाईच्या?"

"तीस," मुकादमीण म्हणाली, आणि तिनं ओठ आत ओढून घेतले. पिशवी उचलून ती जरा घाईनंच निघाली. चार पावलांवर तिचे खांदे हलले.

तीस पेंढ्या कापल्या गेल्या होत्या आणि विळ्यानं त्या कापल्या नव्हत्या. मग कुणीतरी कापून देत होतं. धारवाल्यानं डोंगरावर जाणारी माणसं मोजली. दहा बायका, आणि गवत खाली आणणारा टेम्पोवाला. पुरुष एकच.

"टेम्पोवाला?" न्हावी म्हणाला. त्याला काही विचारलं नव्हतं, धारवाला फक्त मोठ्यानं मोजत होता. "तो पूर्वी दोन खेपा मारायचा. आता तीन मारतो. मी म्हटलं, एवढं गवत वाढलं का रे? तर म्हणाला, गवत तेवढंच आहे."

टेम्पोवाला तिशीचा होता, शीळ घालायचा, आणि त्याचे दात फार चांगले होते. धारवाल्यानं जिभेनं आपले दात चाचपले. डावीकडचे दोन नव्हते.

*

शनिवारी दुपारी त्यानं शेड बंद केली.

"कुठं?" न्हाव्यानं विचारलं.

"सुताराकडे. मुठी आणायच्यात."

"सुतार त्या बाजूला राहत नाही."

"आज राहतो."

टेम्पोच्या रस्त्यानं गेलो तर दिसू म्हणून तो मागच्या अंगानं चढला. वर सावली नव्हती. कापलेल्या जागी गवताचे खुंट टोकदार उभे होते, न कापलेल्या जागी गवत कमरेला येत होतं आणि त्याची कुसळं मोज्यांतून आत शिरत होती. दर दहा पावलांना एक टोचायचं, आणि थांबून काढावं तर तोल जायचा. घाम डोळ्यांत उतरला. वाटेत तो दोनदा बसला. दुसऱ्यांदा बसला तेव्हा त्यानं मनात टेम्पोवाल्याला काय बोलायचं ते जुळवलं. चांगलं जुळलं. उठताना विसरला.

वर गवताची मोठी गंजी रचलेली होती. तिच्या आडोशाला तो पोचला आणि आधी त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"हे पातं बघितलंस?" त्याचा आवाज म्हणत होता. "ह्या पात्यानं जन्मात काही बघितलं नाही. गवत, गवत आणि गवत."

धारवाल्यानं गंजीच्या कडेनं डोकं काढलं.

कापणीच्या वेळी बायका ओळीनं वाकतात आणि प्रत्येकीच्या पुढचा पट्टा म्हणजे तिची पात. दहा जणी वाकून कापत होत्या. अकरावी पात मधोमध होती, त्याच्या बायकोची, आणि तिच्यावर कुणीच नव्हतं. डावीकडची उंच बाई आपली पात कापता कापता तिच्यातली मूठभर घ्यायची, उजवीकडची धाकटी बहीण मूठभर घ्यायची. बायको ओळीच्या समोर होती, बायकांकडे तोंड करून, ओळ पुढे येईल तशी एकेक पाऊल मागं सरकत. एक डोळा मिटलेला, नाक पुढे, विळा नाकापाशी. खांदा डावीकडे पडलेला. आपला खांदा डावीकडे पडतो हे धारवाल्याला ठाऊक नव्हतं. पण बघितल्याबरोबर पटलं.

"ह्याला शहरात न्यायला पाहिजे," बायको त्याच्या आवाजात म्हणाली आणि नाकातून बारीक शीळ वाजवत सुस्कारा सोडला. "तिकडे हॉटेलात ह्यानं काय काय कापलं असतं."

"काय कापलं असतं, दाजी?" मुकादमिणीनं मान वर न करता विचारलं.

बायकोनं बराच विचार केला. विळा ह्या कानापाशी नेला, त्या कानापाशी नेला.

"कांदा," ती म्हणाली.

दहा पाठी एकदम हलल्या. विळे थांबले नाहीत, हसण्याबरोबर सपासप चालले, आणि ओळ हातभर पुढे सरकली. टेम्पोवाला रिकाम्या टेम्पोच्या हौद्यात पोट धरून उताणा पडला होता. डोळे पुसत होता. असल्या अवस्थेतला माणूस कुणाची बायको पळवत नाही. धारवाल्याला ते कबूल करावं लागलं, आणि डोंगर चढून आल्याचं थोडं वाईटच वाटलं.

कांद्याचं तो कधी बोललाच नव्हता. इतकं बरं त्याला सुचलंच नसतं. तिनं पुढे गणतीवाल्या मुलीचं केलं, दोनदा खूण करा ते केलं. हे तिला कुणी सांगितलं, मुलीनं की न्हाव्यानं, हे मोजत बसण्यात अर्थ नव्हता. मग ती एकदम हळू झाली. चोरासारखं इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"आणि आता अकरा विळे पुढ्यात पडलेत," ती आपल्या आवाजात म्हणाली. "कुणी बघत नाही ना? नाही बघत. मग तो बायकोचा विळा सगळ्यांत आधी उचलतो. उचलतो, आणि तोंड असं करतो."

तिनं तोंड केलं. हा विळा चुकून हाती आला, माझा काही संबंध नाही, असं तोंड.

ह्या वेळी बायका हसल्या त्या वेगळ्या. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. उंच बाईनं कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि खाली गावाकडे बघितलं, शेडच्या बाजूला.

धारवाला गंजीला पाठ लावून खाली बसला. राग यायचा होता तो आला, कान तापले. पण राग बसायच्या आत दुसरंच काही येऊन त्याच्या जागेवर बसलं. पलीकडे एक धारवाला होता, ज्याला दहा बायका आणि एक टेम्पोवाला रोज ऐकत होते, ज्याच्यासाठी माणसं जास्तीची खेप मारत होती, ज्याला कांद्याचं सुचत होतं. आणि त्याची बायको दिवसभर त्याच्या सोबत होती. ह्या धारवाल्याला ती संध्याकाळी दमलेली मिळायची, "असते आपली" म्हणणारी. पलीकडचा तो मनुष्य त्याला मनापासून आवडला नाही.

*

संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा तो पाय धुवून, कपडे बदलून बसला होता. तिनं पाणी प्यायलं. मग जवळ येऊन त्याच्या मानेवरच्या केसांतून एक कुसळ काढलं, बघितलं, आणि उंबऱ्यावर ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं.

"सुताराकडे गवत फार वाढलंय वाटतं," ती म्हणाली. वाटेत न्हावी भेटला असणार.

रविवारी टोळीला सुट्टी होती. ती कपडे वाळत घालत होती आणि तो दोरीचं दुसरं टोक उगाचच धरून उभा होता.

"तुझी पात कोण कापतं?"

"सगळ्या मिळून. ह्या बाजूनं ती, त्या बाजूनं ती."

"का पण?"

तिनं चादर झटकली. "चढ आहे तो. सपाटीचं सगळं मशीननं नेलं, उरलं ते असं. उन्हात वाकायचं, पाय घसरतो. पहिल्या आठवड्यात दोघी सोडून गेल्या. नव्या दोघी आणल्या, त्यातली एक तिसऱ्या दिवशी विळा टाकून निघाली. तेव्हा मी आपलं सहज तुमचं शिंकणं करून दाखवलं."

"माझं शिंकणं."

"ती परत येऊन बसली. दुपारी म्हणाली, अजून एकदा करा. मुकादमीण म्हणाली, तू विळा खाली ठेव, तुझं काम हेच. तुझी पात आम्ही बघतो."

"सगळ्या गावाला माहितीये?"

"डोंगरावरचं डोंगरावरच असतं." मग तिनं जरा विचार केला. "न्हाव्याला माहितीये."

म्हणजे सगळ्या गावाला माहिती होतं.

त्यानं दोरी ताणली. "उद्या तुझ्या भावाला सांगायचंय. मी एकटा गेलो आणि तू इथं राहिलीस, तर?"

हा प्रश्न तिनं मनाला लावून घेतला. हातातला चिमटा तोंडात धरून तिनं बोटांवर हिशेब केला. "पंधरा दिवस पुरेल," चिमटा काढून म्हणाली. "मग शिळं होईल. रोज काहीतरी नवं करता ना तुम्ही."

"मी काहीच करत नाही. इथं करण्यासारखं काही आहे का?"

"तेच तर."

"आणि दोघं गेलो तर?"

"तिकडे कुणासमोर करू? बघणाऱ्याला माणूस माहीत असावा लागतो. नाहीतर एक बाई नाकापाशी विळा धरून उभी आहे, एवढंच." तिनं शर्टाची बाही सरळ केली. "तुम्ही म्हणाल तर येईन मी. नाही म्हणत नाही. पण मग तिकडे मी ठीकवर खूण करणार. मजेचंवर नाही."

"मला दाखव करून."

"आत्ता?"

"हो."

तिनं प्रयत्न केला. एक डोळा मिटला, खांदा पाडला. मग त्याच्याकडे बघितलं आणि दोन्ही डोळे उघडले.

"नाही येत तुमच्यासमोर."

"टेम्पोवाल्यासमोर येतं."

"तो तुम्ही नाही ना," ती म्हणाली आणि बादली उचलून आत गेली.

*

सोमवारी सकाळी टेम्पोवाल्यानं शेडसमोर टेम्पो थांबवला तेव्हा धारवाल्यानं चाक सोडवून बाहेर ठेवलं होतं. "वरच धार लावतो आजपासून," तो म्हणाला. "विळे खाली आणायचे, परत वर न्यायचे, कशाला? दुपारी बोथट झाला की तिथल्या तिथं." रात्रभर विचार करून त्यानं हे काढलं होतं आणि धंद्याच्या दृष्टीनं ते अगदी बरोबर होतं. टेम्पोवाला शीळ घालायचा थांबला. चाक हौद्यात चढवताना त्यानं डोंगराकडे दोनदा बघितलं.

वर बायकांनी चाक बघितलं, धारवाल्याला बघितलं, मग एकमेकींना. बायकोनं विळा घेतला आणि आपल्या पातीवर जाऊन वाकली.

त्यानं गंजीच्या सावलीत चाक मांडलं. पाणी ठेवलं, दगड ठेवला. चेहरा शक्य तितका मोकळा ठेवला, म्हणजे कुणाला वाटू नये की आपण वाट बघतोय. ओळ सरकत होती. सपसप, सपसप, आणि मधेच कुणाचा तरी खोकला. अर्ध्या तासानं ओळ वाकडी झाली. धाकटी बहीण पुढे गेली, उंच बाई मागं राहिली, मधली पात सगळ्यांत मागं. बायकोला वाकायची सवय राहिली नव्हती. ती मुठीत गवत कमी धरत होती. तासाभरानं तिनं बोट चोखलं.

"कशा आहात सगळ्या?" धारवाल्यानं विचारलं.

"बऱ्या," चार-पाच जणी म्हणाल्या.

"कांदा," तो म्हणाला. त्याला वाटलं होतं ह्यावर काहीतरी होईल. दहा पाठी ताठ झाल्या. बायकोनं त्याच्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत चक्क दया होती.

ऊन वाढलं. एक नवी बाई विळा टाकून दगडावर बसली आणि पाणी पिऊन उठेचना. टेम्पोवाला पहिली खेप भरायला आला तर निम्मा टेम्पोही भरेना. मुकादमिणीनं पेंढ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, कमरेवर हात ठेवले आणि सरळ धारवाल्यासमोर येऊन उभी राहिली.

"दाजी, चाक राहू दे इथं. तुम्ही खाली जा."

"धार कोण लावेल?"

"विळे आम्ही संध्याकाळी पाठवू, नेहमीसारखे. तुमच्यामुळं गवत कापलं जात नाही."

"मी तर गप्प बसलोय."

"त्यानंच तर."

तो उठला. टेम्पोवाला म्हणाला, "सोडतो की." पण मुकादमिणीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा तो म्हणाला, "खेप भरायचीये अजून." म्हणजे धारवाल्यानं चालत जायचं होतं. सगळं गाव ज्या मजेला होतं तिथून एकट्या त्यालाच खाली पाठवलं जात होतं, आणि कारण असं की मजा त्याची होती.

रस्ता वळणावळणानं उतरत होता आणि पहिल्या वळणापर्यंत उतारावरून सगळा दिसत होता. तो पन्नास पावलं गेला असेल, खिशात फोन वाजला. मेहुणा.

"दाजी, दुपार झाली. काय ठरलं?"

मेहुण्याच्या मागं हॉर्न वाजत होते. कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं, भांडी आपटत होती. धारवाल्यानं सवयीनं फोन कानाला घट्ट लावला. आणि त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं की मागची सपसप थांबलीये. वर डोंगरावर आवाजच नाही. वळून बघायची गरज नव्हती. अकरा बायका ताठ उभ्या होत्या आणि त्यातली एक त्याला डोळ्यांनी वेचत होती, फोन कुठल्या हातात, मान कुठं, पाय कसा.

"दाजी? ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"मग हो सांगू ना त्यांना?"

धारवाल्यानं फोन ह्या कानाचा त्या कानाला नेला. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून तो रस्त्याच्या मधोमध आला, जिथं झुडूप आडवं येत नव्हतं, आणि डोंगराकडे तोंड करून उभा राहिला.

"नाही," तो म्हणाला, आणि मोकळा हात आडवा हलवला. मेहुण्याला तो दिसणार नव्हता. "नाही जमायचं."

"अहो पण का? तिथं काय ठेवलंय? मशीन आलंय, काम नाही, तुम्हीच म्हणता ना, करमत नाही?"

"करमत नाही," धारवाल्यानं कबूल केलं. बोलता बोलता त्यानं एक डोळा मिटून घेतला. उन्हामुळं असेल. "पण काम आहे रे."

"कसलं काम?"

सांगितलं असतं तरी एवढ्या लांबून ते वर ऐकू गेलं नसतं. म्हणून धारवाल्यानं नुसती मान हलवली, एकदा, दोनदा, मग खांदा डावीकडे पाडून तिसऱ्यांदा, जरा सावकाश, नीट दिसेल अशी.

वर कुणाला तरी हसू आवरलं नाही. मग ते सगळ्यांनाच आवरलं नाही, आणि त्यात बायकोचा आवाज कुठला हे त्याला बरोबर ओळखू आलं. त्यानं फोन खिशात टाकला आणि वळणापर्यंत राहिलेला रस्ता तो अजिबात घाई न करता चालत गेला.